पाणी किती हाय?

कुठल्याही वस्तूला हात लावायचा झाला की ते आधी उलटा हात लावत. उलटा म्हणजे तळव्याची मागची बाजू. चहाचा कप असो, लोखंडी बाक असो, नाहीतर उन्हात तापलेली माझ्या स्कूटरची सीट असो. एकदा मला थोडी कणकण होती, तर माझ्या कपाळालाही त्यांनी उलटाच हात लावला आणि निकाल दिला, "बेरिंग गरम हाय. आज गाडीवर चढायचं न्हाई."

"पण उलटा हात का?" मी विचारलं होतं.

"तळवा कामाचा हाय, साहेब. त्योच भाजला तर फावडं काय दातात धरू?"

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळेच त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, तेवढं पुरे. त्यांचं नाव घेण्याचा मला कितपत हक्क उरला आहे, हे पुढे तुम्हीच ठरवा.

मांजरीच्या पुढे, उसाच्या फडांना लागून, रेल्वेच्या वेडाने पछाडलेल्या पंधरा-वीस पुणेकरांनी एक छोटं संग्रहालय उभं केलं आहे. जुने सिग्नल, कंदील, पितळी घंटा, पुठ्ठ्याची तिकिटं असं बरंच काही तिथे काचेआड आहे. जिवंत वस्तू मात्र एकच. एका साखर कारखान्यात उसाच्या वाघिणी ओढून म्हातारं झालेलं वाफेचं बुटकं इंजिन. त्याच्यासाठी अर्ध्या किलोमीटरचा गोल रूळ टाकला आहे. दर रविवारी ते पेटवतात, मागे दोन उघडे डबे जोडतात आणि आलेल्या मंडळींना फेरी मारून आणतात. हे इंजिन चालवणारा माणूसही एकच होता. वय सत्तरीच्या पुढे. दौंडच्या इंजिन शेडमध्ये फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, म्हणून लागले, तिथेच ड्रायव्हर झाले, आणि वाफेची इंजिनं गेली तसे तेही निवृत्त झाले. घोरपडीला मुलीकडे राहत आणि रविवारी सकाळी दोन बस बदलून, आम्ही कोणी उगवायच्या आत, इंजिनापाशी हजर असत.

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. भोसरीकडच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. कोणाचं बोट कापलं, कोणाच्या पायावर लोखंड पडलं की मी वही घेऊन जातो आणि चूक नेमकी कोणाची ते शोधून काढतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. स्वभावाने मात्र मी कायमचा आरोपी. लिफ्टमध्ये कोणी शिंकलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. या स्वभावाने शेवटी रक्तदाब वाढवला तेव्हा डॉक्टर म्हणाले, एखादा छंद लावून घ्या. बायकोने योगासनं सुचवली. मी पेपरात एक जाहिरात वाचली: 'वाफेचे इंजिन चालवण्यास शिका. वयाची अट नाही. कपडे मळतील, त्याबद्दल तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.'

"अहो, गाडी मागे घेताना सोसायटीचं गेट दोनदा पाडलंत," बायको म्हणाली. "आता इंजिन?"

"इंजिनाला रूळ असतात," मी म्हणालो.

"हो ना. चुकायला जागाच नाही असं काहीतरी तुम्हाला हवंच होतं."

तिचा अंदाज चुकला, हे मला फार नंतर कळलं.

पहिल्या रविवारी मी नवीन वही, दोन पेनं आणि मुद्दाम घेतलेली टोपी असा सगळा सरंजाम घेऊन गेलो. इंटरनेटवरून जमवलेले अकरा प्रश्न वहीत लिहिलेले होते. ड्रायव्हरसाहेबांनी ते तीन प्रश्नांपर्यंत ऐकले. मग एक तेलकट चिंधी माझ्या हातात दिली. "पुसा."

"काय?"

"इंजिन. खालून सुरू करा."

असे चार रविवार मी इंजिन पुसलं. रुळांमध्ये उताणा पडून, नाकावर काळं तेल घेत, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. चौथ्या रविवारी त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि इंजिनाच्या कुठल्या भागाला हात लावायचा ते सांगत गेले. मी चाचपडत बरोबर जागी हात लावत गेलो. उलटा हात. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "आता वर या, फायरमन."

साहेबाचा फायरमन झालो त्याचा मला जो आनंद झाला, तो कारखान्यात बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

वर चढल्यावर ते पहिल्यांदा जे बोलले, तेच पुढे दोन वर्षं बोलत राहिले. "पाणी किती हाय?"

बॉयलरच्या तोंडावर एक उभी काचनळी असते. बॉयलरमध्ये पाणी जितकं, तितकंच त्या नळीत दिसतं. पण नुसतं बघून सांगितलेलं त्यांना चालत नसे. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षाराने भरलेलं. नळीच्या तोंडाशी क्षार धरला की आत पाणी कमी झालं तरी काचेत जुनंच पाणी तुंबून राहतं. म्हणून खालची तोटी उघडून काच 'फुंकायची'. फुस्स करून पाणी आणि वाफ बाहेर पडते. तोटी बंद केली की पाणी उसळी मारून परत आपल्या जागेवर येतं.

"उसळी मारली तर काच खरं बोलती," ते म्हणत. "न्हाई मारली तर खोटं. काचेवर इस्वास ठेवायचा न्हाई. दर डावाला इच्चारायचं."

"प्रत्येक फेरीला?"

"बायकोला रोज इच्चारता का न्हाई, जेवलीस का म्हणून?"

मी विचारत नव्हतो. त्या रात्री घरी जाऊन विचारलं, तर बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. सुलटा.

"आग कमी झाली तर गाडी थांबंल," ते एकदा समजावत होते. "वाफ कमी पडली तरी थांबंल. थांबू द्या की. लोक हसतील, आपण बी हसायचं. पण पाणी कमी पडलं तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली.

अंगठ्याएवढा पितळेचा तुकडा, मधे शिसं भरलेलं. हा प्लग. भट्टीच्या छतात, आगीच्या बरोबर वर बसवलेला असतो. त्याच्यावर पाणी आहे तोवर तो थंड असतो. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं, त्या भोकातून वाफ खाली आगीवर कोसळते आणि आग मरते. बॉयलर वाचतो. ड्रायव्हर वाचत नाही. प्लग पाडणं याच्याएवढी नामुष्की त्यांच्या धंद्यात दुसरी नव्हती. आधी माणसाला गाडीवरून उतरवत आणि चौकशी मग करत. प्लग पाडलेल्या ड्रायव्हरच्या बायकोला कॉलनीतल्या नळावर बाकीच्या बायका मुद्दाम विचारत, "काय गं, घरीच हाईत का मालक?"

खिशातला तो प्लग त्यांच्या शेवटच्या इंजिनाचा. निवृत्तीच्या दिवशी शेडमधल्या माणसांनी काढून दिलेला. "घड्याळ दिलं असतं तर बंद पडलं असतं. ह्यो बघा. तेहतीस वर्षं. शिसं जागच्या जागी." आणि शिशावरून ते अंगठा फिरवत. या एका वस्तूला ते सुलटा हात लावत.

येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो प्लग बघावा लागे. आमचे कार्यवाह म्हणजे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं बोलणं जाहिरातीसारखंच, कमी आणि कोरडं. फेरीला उशीर झाला की ते शेडच्या दारातून ओरडत, "प्लगचं दर्शन झालं असेल तर भाविकांनी गाडीत बसावं."

मी हळूहळू शिकत होतो. हळूहळू हा शब्द मी माझ्या सोयीने वापरतो आहे. पहिलं फावडंभर कोळसे मी भट्टीच्या दाराच्या चौकटीवर मारले आणि ते सगळे त्यांच्या बुटांवर सांडले. त्यांनी बूट झटकले. "भट्टी आत हाय, फायरमन." पहिल्यांदा वाफेचा दांडा ओढला तेव्हा इंजिनाने असा हिसका दिला की मागच्या डब्यात उभे असलेले कार्यवाह बसले. "आपण बसवलंत म्हणून बसलो," ते उठताना म्हणाले. "पुढच्या वेळी तोंडाने सांगितलंत तरी चालेल."

ड्रायव्हरसाहेब कधी रागावले नाहीत. सकाळी आग धरायला तीन तास लागत. तेवढ्या वेळात राखेत वांगी भाजायला टाकत, उलट्या हाताने चाचपत, आणि मुलीने दिलेल्या भाकरीबरोबर भरीत करून अर्धं मला देत. "फायरमन उपाशी, तर गाडी उपाशी," म्हणत. अशाच एका सकाळी वांग्याचं साल काढताना त्यांनी मला ते सांगितलं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण नीट जमलं नव्हतं. डावा पिकत आला होता. रूळ दिसत, सिग्नल दिसत, माणसं दिसत. काचेतली पाण्याची बारीक रेघ दिसत नव्हती.

"कार्यवाहांना बोलू नका. खाली बसवतील."

"पण मग पाणी?"

"तुमी हाय की. तुमी बघायचं, मला सांगायचं. माझे डोळे तुमी."

सुरक्षा अधिकारी म्हणून मी तिथल्या तिथे हे थांबवायला हवं होतं. मी तर इतका भारावलो की माझ्या वाटणीचं भरीतही त्यांना दिलं. कोणीतरी माझ्यावर एवढा विश्वास टाकला होता, ही गोष्ट मला नियमापेक्षा मोठी वाटली.

आता तो रविवार. थंडीचे दिवस होते आणि संग्रहालयाचा वार्षिक मेळावा होता. त्या दिवशी पहिल्यांदा दांडा माझ्या हातात राहणार होता आणि ड्रायव्हरसाहेब शेजारी उभे राहणार होते. मी खाकी कपडे शिवून घेतले होते. गळ्याला लाल रुमाल बांधला होता. बायको म्हणाली, "बँडपथकात जाताय का?" पण आली. मेहुणी आणि तिचं कुटुंब आलं. कारखान्यातले तिघे सहकारी आले. या सगळ्यांना मी स्वतः फोन करकरून बोलावलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

दोन फेऱ्या उत्तम झाल्या. दोन्ही वेळा मी काच फुंकली. तिसऱ्या फेरीला डबे गच्च भरले. बायको फलाटावर मोबाइल धरून उभी होती आणि ओरडत होती, "इकडे बघा! अहो, हसा की जरा!" मी एक पाय बाहेर टाकून, दांड्यावर हात ठेवून, इंजिनाचा जन्मदाता असल्यासारखा हसत होतो.

"पाणी किती हाय?" मागून आवाज आला.

मी मान वळवून काचेकडे बघितलं. रेघ मधोमध होती.

"अर्धं," मी म्हणालो, आणि परत कॅमेऱ्याकडे वळलो.

तोटीला मी हात लावला नाही. तीन सेकंदांचं काम होतं.

त्यांनी मान जरा माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "चला."

उसाच्या बाजूचं वळण पार केलं आणि पायांखाली, भट्टीच्या आत, काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. भट्टीच्या दारातून पांढरी वाफ बाहेर आली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. त्यांनी माझ्या खाकी कॉलरला धरून मला मागे ओढलं. दांडा बंद केला. ब्रेक लावला. एका हाताने फावड्याने ओली राख आगीवर टाकत होते आणि दुसऱ्या हाताने मला मागे रेटत होते. माझ्या आठवणीत तेवढ्या एका वेळी त्यांनी कशालाच उलटा हात लावला नाही. इंजिन सुस्कारा टाकून थांबलं.

डब्यातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मेहुणीची मुलगी ओरडली, "काका, परत एकदा!"

संध्याकाळी माणसं गेल्यावर शेडमध्ये चौकशी झाली. चौकशी म्हणजे कार्यवाह, ड्रायव्हरसाहेब आणि मी. काचेची खालची वाट क्षाराने बुजलेली निघाली होती. टेबलावर वितळलेला प्लग होता. मधलं शिसं गेलेलं, आरपार भोक. त्यांच्या उजव्या तळव्याला मलम लावून फडकं बांधलं होतं.

"काच बुजली होती हे दिसतंच आहे," कार्यवाह म्हणाले. "फुंकून बघितली असती तर कळलं असतं. निघताना पाणी कोणी बघितलं होतं?"

अशा प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला मी आयुष्यभर बसत आलो आहे. प्रश्न विचारल्यावर खरा दोषी आधी कुठे बघतो, हे मी प्रशिक्षणात शिकवतो. तो जमिनीकडे बघतो. मी जमिनीकडे बघत होतो. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"गाडीवर ड्रायव्हर मी हाय," ते म्हणाले.

"म्हणजे आपण बघितलं होतं?"

"ड्रायव्हर मी हाय," त्यांनी परत तेच सांगितलं. "प्लग माझ्या हातनं गेला."

मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दर सोमवारी कारखान्यात माझं दहा मिनिटांचं भाषण असतं. चाळीस कामगार हेल्मेट घालून उभे असतात. त्या सोमवारचा विषय आधीच ठरलेला होता: 'चूक लपवू नका.' मी बोललो. लोक म्हणाले, आज साहेब फार मनापासून बोलले.

पंधरा दिवसांनी नवा प्लग आला, बॉयलर तपासून झाला, आणि ड्रायव्हरसाहेबांचा सत्कार करायचं ठरलं. आपल्याकडे माणसाला उतरवायचं असलं की आधी शाल घालतात. कार्यवाहांना पर्याय नव्हता, हे मलाही कळत होतं. सत्काराच्या भाषणात सगळं सांगून टाकायचं असं ठरवून मी चार पानं लिहून नेली. माइकसमोर उभा राहिलो, म्हणालो, "ड्रायव्हरसाहेब हे आमचं विद्यापीठ आहे," आणि खाली बसलो. चार पानं खिशातच राहिली. त्यांनी शाल घेतली, नारळाला उलटा हात लावला आणि म्हणाले, "थंड हाय." सगळे हसले. प्लग मात्र त्यांनी त्या दिवशी कोणाला दाखवला नाही. पुढेही खिशातून कधी काढला नाही.

इंजिन आता मी चालवू लागलो. वाक्य लिहितानाही लाज वाटते, पण घडलं ते असं. संग्रहालयाकडे दुसरं कोणी शिकलेलंच नव्हतं.

ते रविवारी येतच राहिले. फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली एक लोखंडी बाक आहे, त्यावर बसत. मी गाडीवर चढे, काच फुंके. फुस्स असा आवाज होई आणि बाकावरून त्यांचा हात वर येई, उलटा, बोटं किंचित वाकवलेली. निघा, असा त्याचा अर्थ. ते दुसरीकडे बघत असत, कोणाशी बोलत असत, तरी आवाज झाला की हात वर. आवाजाआधी कधीच नाही. मुद्दाम उशीर करून बघितला, तर तेवढा उशीर हातही मांडीवरच राहिला. मला एक गोष्ट नीट समजली होती आणि ती मला समजून घ्यायची नव्हती.

तीन-चार महिन्यांनी, एका फेरीनंतर, मी बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"ड्रायव्हरसाहेब, त्या दिवशी मी काच फुंकली नव्हती."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवाच. डोळे गेल्यात माझे, कान न्हाई गेले. फुंकली की आवाज येतो. आला न्हाई."

"मग तुम्ही 'चला' का म्हणालात?"

त्यांनी बाकाच्या दांड्याला उलटा हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"तुमी लई खूश हुता. 'अर्धं' म्हणालात त्या आवाजावरनं कळलं. मालकीण फोटू काढत हुत्या. म्हटलं, दोन डाव फुंकली हाय, एक डाव ऱ्हायली तर ऱ्हायली. तेहतीस वर्षांत कुणाला सोडलं न्हाई, तुम्हाला सोडलं." मग म्हणाले, "म्हणून तर बोललो, प्लग माझ्या हातनं गेला. खोटं न्हाई बोललो मी."

मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. मला शिव्या हव्या होत्या. त्या खाऊन मी हलका झालो असतो आणि घरी जाऊन झोपलो असतो. मला माझ्या आनंदात सोडलं, हीच त्यांनी स्वतःची चूक धरली होती, आणि त्यावर काय बोलायचं हे माझ्या चार पानांत कुठेच नव्हतं.

"मी कार्यवाहांना सांगतो."

"सांगा की. मग तुम्हालाबी उतरवतील. रविवारी गाडी कोण काढणार? शेडात गंजत पडंल."

मला हवी होती ती पळवाट त्यांनी आयती हातात दिली. मी ती घेतली. गाडीसाठी, संग्रहालयासाठी, येणाऱ्या लोकांसाठी, असं मनाशी म्हणत घेतली. आणि पुढचं दीड वर्ष रविवारच्या रविवार काच फुंकत राहिलो, दोनदा, तीनदा, गरज नसताना. बाकावरचा हात वर येत राहिला.

मग एका रविवारी फुस्स झालं आणि हात आला नाही. बाक रिकामा होता. मला वाटलं, बस चुकली असेल. दुपारी कार्यवाहांनी सांगितलं की शुक्रवारी झोपेतच गेले.

महिन्याभराने त्यांची मुलगी आली. रुमालात गुंडाळलेला प्लग तिने टेबलावर ठेवला. "घरात ठेवून आम्ही काय करणार? इथे कपाटात ठेवा म्हणाले होते. पण नाव लिहू नका, असंही म्हणाले."

"का?" कार्यवाहांनी विचारलं.

"म्हणाले, आता नाव लावायच्या लायकीचा राहिला नाही तो."

ती गेल्यावर कार्यवाहांनी एक कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "प्लगखाली चार ओळी हव्यात. तुम्ही लिहा. अहवाल लिहायची सवय आहे तुम्हाला."

मी पेन घेतलं. आयुष्यात शेकडो अहवाल लिहिले, पण एवढा वेळ कुठल्याच अहवालाला लागला नसेल. वर त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण. खाली लिहिलं: 'तेहतीस वर्षे वाफेचे इंजिन चालवले. यांच्या हातून प्लग कधीही गेला नाही.'

कार्यवाहांनी चष्मा वर करून वाचलं. "अक्षर छान आहे. पण हे खरं नाही. इथे गेला होता की."

"तो माझ्या हातून गेला," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. मोबाइल, लाल रुमाल, 'अर्धं', सगळं. त्यांच्या डोळ्यांचंही सांगितलं, ते मला माहीत होतं हेही. सांगताना मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त घाम आला.

कार्यवाहांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी कार्ड उचललं, कपाट उघडलं आणि ते प्लगखाली नीट उभं केलं.

"वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले. "रेल्वेत प्लग पाडणाऱ्याला काय करत असत?"

"गाडीवरून उतरवत."

"मग?"

"उतरतो," मी म्हणालो.

"शेडची किल्ली खिळ्याला लावून ठेवा. आणि पुढच्या रविवारी या. एक दातांच्या डॉक्टरबाई शिकायला येतायत, त्यांना आधी पुसायला लावायचंय. कोणीतरी दाखवायला हवं."

त्याला आता दोन वर्षं होतील. मधे तीन महिने इंजिन शेडात बंद राहिलं. मग दुसऱ्या एका शेडमधले निवृत्त ड्रायव्हर मिळाले आणि गाडी परत सुरू झाली. म्हणजे माझ्यावाचून जगबुडी होणार होती ती झाली नाही. डॉक्टरबाई चार रविवार इंजिन पुसून आता वर चढल्या आहेत. बाईंचं काम चोख आहे. दात तपासावेत तसं इंजिन तपासतात.

मी कडुनिंबाखालच्या बाकावर बसतो. एका टोकाला. बायको कधीकधी सोबत येते आणि म्हणते, "अहो, एवढा बाक रिकामा आहे, नीट ऐसपैस बसा की." मी तसाच बसतो.

गाडी सुटायची वेळ झाली की मी मान खाली घालतो आणि कान देतो. फलाटावर कलकल असते, कोणीतरी कोणालातरी हाका मारत असतं, कोणीतरी मोबाइल धरून हसायला सांगत असतं. मी वाट बघतो. फुस्स. पाण्याने उसळी मारली असणार.

मी हात वर करतो. उलटा.